सात नंबरची घंटा

माझ्या आत्याला आमच्या घरात लहानथोर सगळे हॅलोआत्या म्हणतात. दार वाजलं की ती "हॅलो" म्हणते, झोपेतून उठवलं की "हॅलो"च म्हणते, आणि एकदा डॉक्टरांनी आ करायला सांगितलं तेव्हाही तिनं आधी हॅलो म्हटलं, असं आतोबा, म्हणजे तिचे यजमान, शपथेवर सांगतात. आतोबा घड्याळजी. त्यांचं बोलणंही घड्याळासारखंच, टिक टिक चालू असतं, पण ऐकलं नाही तरी चालतं, असं आत्या म्हणते.

उमेदीची वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. समोर भिंतभर बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या. दिवा लागला की खूण कळायची, कोण बोलावतंय, कुणाशी जोडायचं. तिला आवाजावरून माणसं ओळखता यायची आणि श्वासावरून भांडणं. शहराबाहेरच्या वस्तीत एकाच तारेवर दोन दोन घरं असत. एकाची घंटा एकदा वाजायची, दुसऱ्याची दोनदा. त्यामुळे एकाच तारेवर राहूनही कुणाचं कुणामुळे अडत नसे. फार तर एका घरचं बोलणं दुसरं घर चोरून ऐकायचं, आणि त्याचा बोभाटा झाला की दोन्ही घरं मिळून एक्स्चेंजला शिव्या द्यायची.

मग एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं. दोऱ्या गेल्या, बोर्ड गेला. साहेबांनी तिला फायली ठेवण्याच्या खोलीत बसायला सांगितलं. आत्या म्हणाली, "साहेब, कपाट व्हायचं असतं तर सुताराकडे गेले असते." तिनं नोकरी सोडली आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळी तिच्या मुलांच्या वयाची पोरं. पहिल्या दिवशी मास्तरांनी मशीनचं झाकण उघडलं, आत हिरव्या पाटीवर कार्डं उभी होती आणि तारांचे झुबके लोंबत होते. इतर पोरं बिचकली. आत्या मात्र मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, हे तर माझंच ऑफिस!"

आतोबांच्या दुकानाचा अर्धा भाग तिनं घेतला. एका बाजूला भिंगातून पाहणारे आतोबा, दुसऱ्या बाजूला उघडी पडलेली मशीनं. मधे पडदा नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोघांची भांडणं फुकट ऐकायला मिळत.

तिची काम करायची एक ठरलेली रीत होती. बिघडलेलं मशीन आलं की ती आधी सगळी कार्डं बाहेर काढायची. अगदी सगळी. मग एकेकाला आत घ्यायची, मशीन चालू करायची आणि विचारायची, "हॅलो, कोण बोलतंय?" उत्तर बरोबर आलं की पुढचं. "पंगतीत भांडण झालं," ती म्हणायची, "तर सगळ्यांना उठवावं आणि एकेकाला पुन्हा बसवावं. ज्याच्या बसण्यानं भांडण सुरू होतं, तो किंवा त्याच्या शेजारचा."

हे भांडण म्हणजे काय ते मी जरा सांगतो, कारण मी आता याच धंद्यात आहे आणि हे सांगायला मला फार आवडतं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर एका वेळी एकाच्याच हाकेला धावतो. कीबोर्ड, प्रिंटर, आवाजाचं कार्ड, कुणालाही त्याचं लक्ष हवं असेल तर ते घंटा वाजवतात. प्रत्येक घंटेला नंबर असतो आणि नंबरावरून प्रोसेसरला कळतं, कुणाच्या दारात जायचं. पुस्तकांत याला आयआरक्यू म्हणतात. आत्या घंटाच म्हणते आणि मीही इथं तेच म्हणेन. आजची मशीनं हे नंबर आपापसांत वाटून घेतात. तेव्हा ते माणसाला द्यावे लागत. कार्डावर दोन दोन बारीक काड्या उभ्या असत आणि त्यांवर तांदळाएवढं टोपण बसवलं की नंबर ठरे. त्या टोपणाला जंपर म्हणत. चुकून दोघांना एकच नंबर गेला, तर घंटा वाजवायचा एक आणि प्रोसेसर जाऊन उभा राहायचा दुसऱ्याच्या दारात. ज्यानं बोलावलं तो ताटकळत, ज्याच्या दारात गेला तो गोंधळलेला. घंटा होत्याही मोजक्याच, आणि मागणारे फार.

आत्याच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड भांडण ब्रेलच्या छापखान्यातलं. मी तिथं नव्हतो. पण आत्यानं ते मला सांगितलंय, आणि छापखान्यातल्या मास्तरणीनंही सांगितलंय. दोघी एकत्र असल्या की एकमेकींना दुरुस्त करत सांगतात. त्यामुळे माझ्याकडे खात्रीचा माल आहे.

मास्तरीण हे टोपणनाव. ती शाळेत शिकवत नसे. छापखान्यात ती अंधांसाठीची पाठ्यपुस्तकं मशीनवर चढवायची आणि छापायची, आणि चुका अशा पकडायची की कंपोझ करणारे तिला टरकून असत. ती स्वतः जन्मापासून अंध. तिच्या मशीनमध्ये बोलणारं कार्ड होतं, पडद्यावरचा मजकूर ते तुटक तुटक वाचून दाखवायचं. तिची रीत अशी, की यंत्रातून ठिपक्यांचं एक पान बाहेर येत असताना बोटं त्या पानावर आणि कान पुढच्या पानावर. छापलेलं बोटांनी तपासायचं, छापायचं ते कानांनी. चूक सापडली की यंत्र तिथल्या तिथं थांबवायचं. दोन माणसांचं काम ती एकटी करायची. सुरुवातीला तिला पानं जुळवायच्या टेबलावर बसवलं होतं. तिथून या खुर्चीपर्यंत यायला तिला बरंच भांडावं लागलं होतं.

छापखान्यानं नवं छपाईयंत्र घेतलं, जुन्यापेक्षा झपाट्याचं, पानाच्या दोन्ही बाजूंनी ठिपके उठवणारं. ते मशीनला जोडलं आणि त्या दिवसापासून मशीन मुकं झालं. म्हणजे एरवी बोलायचं, पण छपाई सुरू झाली की एखाद्या शब्दाच्या मधेच अडकायचं आणि गप्प. कधी कधी तर सगळंच गोठायचं. यंत्र विकणारा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "बोलणारं कार्ड जुनं आहे, टाकून द्या."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, पण कात्रीत सापडला होता. परीक्षा तोंडावर आणि विज्ञानाचं पुस्तक छापायचं बाकी. त्यानं मास्तरणीला बोलावून सांगितलं, "हे बघा, उद्यापर्यंत ठीक झालं नाही, तर मी हिशेबाच्या टेबलावरचा कारकून या खुर्चीत बसवतो. त्याला पडदा दिसतो, त्याला आवाजाची गरज नाही. तुम्ही तोवर पानं जुळवा."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

व्यवस्थापक टेबलावरचे कागद सारखे करू लागला. मास्तरणीला ऐकू येतं ते इतरांपेक्षा जास्त, आणि न बोललेलं तर फारच.

तिनं घड्याळजीच्या दुकानात फोन केला.

"हॅलो," आत्या म्हणाली.

"कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत का?"

"बोलतेय. आणि तुम्ही रडत नाही आहात, पण रडाल अशा बेतात आहात. काय झालं?"

"मी रडत बिडत नाही," मास्तरीण म्हणाली. "माझं मशीन बोलेनासं झालंय. आणि ते बोललं नाही तर उद्या माझी खुर्ची जाईल."

(इथं मास्तरीण नेहमी थांबवते आणि सांगते की ती खरंच रडत नव्हती. आत्या म्हणते, "नाही गं बाई, तुला सर्दी झाली होती.")

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या हजर झाली, सोबत आतोबा. तिला जंपर काढायला त्यांचा चिमटा लागे आणि चिमटा ते कुणाला उसना देत नसत, स्वतःच्या बायकोलाही नाही. "चिमटा जाईल तिथं मी जाईन," असं त्यांचं ब्रीद.

छापखान्याची खोली लांबट, एका भिंतीला जाड कागदाचे गठ्ठे, खिडकीशी नवं यंत्र, त्याच्या शेजारी मास्तरणीचं टेबल. आत्यानं झाकण उघडलं आणि सगळी कार्डं बाहेर काढली. मग एकेक आत. बोलणारं कार्ड सात नंबरच्या घंटेवर होतं. प्रिंटरचं पोर्टही, म्हणजे नवं यंत्र जिथं जोडलं होतं ती खाच, सात नंबरवरच.

"सापडलं!" आतोबा म्हणाले. त्यांनाही इतक्या वर्षांत थोडं कळायला लागलं होतं. "एका म्यानात दोन तलवारी."

"काही सापडलं नाही," आत्या म्हणाली. "काय गं, जुनं यंत्र कुठल्या पोर्टला होतं?"

"याच. केबलसुद्धा तीच."

"आणि बोलणारं कार्ड?"

"तेव्हापासून हात लावला नाही त्याला कुणी."

"म्हणजे दोघं इतकी वर्षं सात नंबरवर सुखानं नांदले. एका तारेवर दोन घरं राहतात, मी स्वतः जोडलीयत. भांडण दुसरीकडे आहे." आत्याच्या आवाजात इतकी खात्री होती की आतोबांनी चिमटा खिशात टाकला.

आणि इथं आत्या चुकली. एक्स्चेंजमध्ये काढलेल्या वर्षांनी तिला मशीन शिकवलं होतं, त्याच वर्षांनी तिला चकवलं. तारेवरच्या दोन घरांच्या घंटा वेगळ्या वाजायच्या, एक आणि दोन. मशीनमध्ये तशी सोय नव्हती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांसमोर दोघं नांदलेले दिसत असताना कुणाला शंका येणार?

सकाळ त्यातच गेली. तिनं पुस्तकांची पानं वाचून घेणाऱ्या स्कॅनरचं कार्ड काढून पाहिलं. फोनच्या तारेला जोडायचा मोडेम काढून पाहिला. बोलणाऱ्या कार्डाच्या जागी दुकानातून आणलेलं तसलंच दुसरं घातलं. दरवेळी तेच. छपाई सुरू, शब्द अर्धा, शांतता.

दुपारी व्यवस्थापक डोकावला. त्याच्या मागे हिशेबाचा कारकून, चेहरा पाडून उभा. त्याला या खुर्चीत बसायचं नव्हतं. ठिपक्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"काय बाई, होतंय का?"

"होणार," आत्या म्हणाली.

"कधी?"

"झालं की सांगते. मधेच लाइन तोडू नका."

व्यवस्थापक गेला. आत्या खुर्चीत बसली आणि चहा मागवला. तिनं कबूल केलं नाही, पण ती अडली होती. बाहेरच्या कार्डांपैकी प्रत्येकाला विचारून झालं होतं आणि प्रत्येक जण म्हणत होता, मी नव्हे.

मास्तरीण इतका वेळ यंत्राजवळ हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "एक सांगू का? हसू नका."

"मी नवऱ्याशिवाय कुणाला हसत नाही. बोल."

"छपाई सुरू झाली की आवाज लगेच जात नाही. पहिली ओळ नीट छापली जाते. मी ऐकलंय, आवाज चालू असतो. ओळ संपली की यंत्र क्षणभर थांबतं. आणि मग आवाज जातो. त्याच जागी, दरवेळी. ते थांबणं जुन्या यंत्राला नव्हतं. जुनं आपलं रेटत राहायचं, त्याला कुणी तरी मागून ढकलतंय असं."

आत्यानं कप खाली ठेवला.

"पुन्हा छाप. एकच पान."

मास्तरणीनं छापलं. खडखड, पहिली ओळ, आवाज तुटक तुटक वाचतोय. मग यंत्र थांबलं. आणि आवाज "प्रका" वर अडकला, पुढचा "श" आलाच नाही.

"अगं बाई गं," आत्या हळूच म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, "अगं, जुना गडी घंटा वाजवतच नव्हता!"

"म्हणजे?" आतोबा.

"अहो, जुन्या यंत्राला मशीनच दर क्षणी विचारत होतं, 'झालं का? झालं का?' तो बिचारा मागत कधीच नव्हता. त्याच्या नावावर घंटा होती, पण त्यानं ती जन्मात वाजवली नाही. म्हणून शेजाऱ्याशी भांडण नाही! हा नवा मात्र ओळ संपली की घंटा वाजवतो, 'पुढची ओळ द्या.' त्याच्या बरोबर आलेला प्रोग्रॅम ती घंटा धरून बसलाय. आता कार्ड घंटा वाजवतंय पुढचा शब्द मागायला, आणि प्रोसेसर धावतोय यंत्राच्या दारात."

"मग मी सकाळी काय म्हणालो होतो?" आतोबा म्हणाले. "एका म्यानात..."

"तुम्ही बरोबर होता, पण का ते तुम्हाला माहीत नव्हतं. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं."

"घड्याळावर जाऊ नकोस हां!"

मास्तरीण हसली. आत्या आल्यापासून पहिल्यांदा.

पण निदान झालं म्हणजे औषध मिळालं असं नव्हे. बोलणाऱ्या कार्डावर काड्यांच्या तीनच जोड्या होत्या: तीन, पाच, सात. सात सोडायची. पाचवर स्कॅनर बसला होता आणि त्याला तेवढी एकच जागा होती, त्याच्याशिवाय पुस्तक मशीनमध्ये येणार कसं? उरली तीन नंबरची घंटा. आत्यानं वाकून मशीनच्या पाठीमागे हात फिरवला आणि एक वायर ओढत ओढत वर आणली. वायरीच्या टोकाला माऊस.

"तीन नंबरवर हा बसलाय. काय गं, तू हा वापरतेस?"

"मी? मला बाण दिसत असता तर काय हवं होतं!"

"मग कोण वापरतं?"

मास्तरीण ओठ दाबून म्हणाली, "व्यवस्थापकसाहेब. जेवणाच्या सुट्टीत. पत्त्यांचा डाव लावतात. मी बाहेर असते तेव्हा, पण टिचकी ऐकू येते."

आत्यानं कारकुनाला पाठवून व्यवस्थापकाला बोलावून आणलं. तो आला तेव्हा माऊस टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता, पंचनाम्यातल्या वस्तूसारखा.

"साहेब," आत्या म्हणाली, "या मशीनमध्ये घंटा मोजक्या आहेत. एक मोडेमकडे, एक स्कॅनरकडे, एक यंत्राकडे. आता बोलणारं कार्ड राहील, नाहीतर हा राहील."

"दोघांचं काही जमवता येत नाही?"

"सकाळपासून तेच शिकतेय मी. जमवून चालत नाही."

व्यवस्थापकानं माऊसकडे पाहिलं. कारकुनानं खिडकीबाहेर पाहिलं. आतोबा खोटंच खोकले.

"तसं माझं काही अडत नाही त्याच्यावाचून," व्यवस्थापक म्हणाला. "डाव लागतही नव्हता म्हणा."

आत्यानं मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पोर्टच बंद केलं, म्हणजे तीन नंबर मोकळा. आतोबांनी डोळ्याला भिंग लावलं, श्वास रोखला आणि चिमट्यानं जंपर सातवरून उचलून तीनवर बसवला. मशीन चालू झालं. सगळे कान देऊन उभे.

मशीन बोललं नाही.

कारकुनाचा चेहरा पुन्हा पडला. आत्या मात्र डगमगली नाही. "कार्डाला सांगितलं, मशीनला कुठं सांगितलं? सुरू होताना जी फाइल वाचतं ते, तिच्यात अजून सातच लिहिलेलं आहे. आपण घर बदललं आणि पत्ता कळवला नाही." ती कीबोर्डकडे वळली, तर मास्तरीण आधीच तिथं बसली होती.

"मी करते. फाइल माझी आहे, मीच लिहिलीय."

"आवाज नाही गं, कुठं आहेस ते कळणार कसं?"

"तुम्ही पडदा बघा. मी चुकले तर हॅलो म्हणा."

तिनं फाइल उघडली. बाणाच्या कळीनं खाली गेली, ओळी बोटांनी मोजत. उजवीकडे सरकली. एक अक्षर खोडलं, एक लिहिलं. आत्या पडद्याकडे एकटक पाहत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून होती. फाइल साठवली गेली. मशीन बंद, पुन्हा चालू.

"तयार," मशीन म्हणालं. तुटक, नाकातल्या आवाजात.

आतोबांनी टाळी वाजवली आणि मग जंपरच्या डबीवर हात पडला म्हणून सगळे जंपर जमिनीवर सांडले. ते गोळा करायला ते आणि कारकून टेबलाखाली गेले.

मास्तरणीनं वेळ घालवला नाही. विज्ञानाचं पुस्तक लावलं आणि छपाईची आज्ञा दिली. खडखड, पहिली ओळ. यंत्र थांबलं. आवाज चालूच. दुसरी ओळ, तिसरी. पान बाहेर सरकू लागलं तशी तिच्या डाव्या हाताची बोटं त्यावर धावू लागली आणि मान किंचित कलली, पुढचं पान ऐकायला. व्यवस्थापक दारात उभा राहून पाहत होता. पानामागून पान येत गेलं. आत्यानं एकदाही विचारलं नाही, चालतंय ना. चालत होतं.

एकाएकी मास्तरणीनं कळ दाबली. यंत्र जागच्या जागी थांबलं.

व्यवस्थापक दारातून धावत पुढे आला. "पुन्हा गेला का आवाज?"

"आवाज ठीक आहे. पुस्तक ठीक नाही. 'खालील चित्र पाहा,' म्हणतंय. कोण पाहणार?"

आत्या हसत सुटली.

"चित्र कशाचं आहे?" मास्तरणीनं विचारलं.

व्यवस्थापकानं मूळ पुस्तक उघडलं. "भिंग आहे. त्यातून उन्हाचे किरण येतात आणि कागदावर एका ठिकाणी जमतात. कागद जळतोय."

"एवढंच? किरण कुठून येतात, वरून की बाजूनं? भिंग मधे फुगीर की कडेला? कागद किती दूर? मुलांना परीक्षेत विचारतील." ती कीबोर्डवर हात ठेवून बसली. "साहेब, स्टूल घ्या. नीट बघून सांगा, मी लिहिते. आणि कारकूनभाऊंना म्हणावं, हिशेबाच्या टेबलावर जा. इथं आज जागा नाही."

टेबलाखालून कारकून म्हणाला, "गेलो!" आणि व्यवस्थापक स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला, चित्राकडे नीट पाहू लागला.